ठिणगी दूरची, सरपण घरचे : धार्मिक अतिरेक कशाने वाढतो?

गिरणगावकर (सोलापूर)

ऑक्टोबर २००२ मध्ये जेरी फॉलवेल या अमेरिकी धर्मोपदेशकाने तिकडच्या एका दूरचित्रवाणी मुलाखतीत पैगंबरांविषयी अत्यंत अवमानकारक उद्गार काढले आणि त्याच्या निषेधार्थ पुकारलेल्या बंदच्या दिवशी आपले सोलापूर पेटले. माणसे मेली, दुकाने जळाली, संचारबंदी लागली. फॉलवेल यांनी काही दिवसांतच माफी मागितली, पण तोवर इथे जे व्हायचे ते होऊन गेले होते. ती मुलाखत स्वतः पाहिलेला एकही माणूस त्या दिवशी शहरात असेल असे मला वाटत नाही. संचारबंदीच्या पहिल्या रात्री माझ्या आईने मला विचारले होते, "तो बोलणारा माणूस सोलापुरात कुठे राहतो?" मी तेव्हा हसलो होतो. आज वाटते की तिने नेमका प्रश्न विचारला होता, आणि त्याचे उत्तर मला अजून नीट देता आलेले नाही. चर्चेचा हा धागा त्यासाठी काढला आहे.

अतिरेकाच्या कारणांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन वाक्यांत आटोपते. एक पक्ष म्हणतो की ते धर्मग्रंथातच आहे, दुसरा म्हणतो की गरिबी आणि अन्याय यांतून ते येते. दोन्ही विधाने साफ खोटी नाहीत, म्हणूनच ती टिकून आहेत. परंतु ग्रंथ शतकानुशतके तेच आहेत आणि गरिबी तर त्यांच्याहून जुनी आहे. मग गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतच, आणि तेही अनेक धर्मांत थोड्याफार अंतराने, हा उद्रेक का व्हावा?

मला यात १९७९ हे वर्ष फार महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी फेब्रुवारीत इराणमध्ये खोमेनी परतले आणि धर्मगुरूंच्या हाती आख्खे राज्य येऊ शकते हे जगाने पाहिले. २० नोव्हेंबरला जुहैमान अल-उतैबीच्या सशस्त्र अनुयायांनी मक्केची मुख्य मशीद ताब्यात घेतली आणि ती सोडवायला सौदी सरकारला दोन आठवडे लागले. बंडखोरांचे शिरच्छेद झाले खरे. पण त्यानंतर राजघराण्याने आपली धार्मिक पत सांभाळण्यासाठी कर्मठ उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, शिक्षणापासून रस्त्यावरच्या वागणुकीपर्यंत अधिकच मोकळीक दिली. म्हणजे माणसे मारली आणि त्यांची मागणी मान्य केली, असा तो प्रकार झाला. तेलाच्या पैशांतून हीच कर्मठ शिकवण परदेशांतही पोहोचवली गेली. डिसेंबरच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. पाकिस्तानात १९७७ च्या लष्करी उठावाने सत्तेवर आलेले झिया-उल-हक तोवर शरियतचे कायदे आणू लागलेच होते. मग अमेरिकेचा पैसा, त्याच्या बरोबरीने सौदीचा पैसा, आणि तो वाटणारी आयएसआय, अशी साखळी तयार झाली. अफगाण मुलांसाठी अमेरिकी मदतीतून नेब्रास्का विद्यापीठाने तयार करवलेल्या क्रमिक पुस्तकांत अंकगणिताची उदाहरणे बंदुका आणि गोळ्या मोजण्याची होती, ही गोष्ट शिक्षक म्हणून माझ्या डोक्यातून आजही जात नाही. १९८९ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत फौजा परतल्या, अमेरिकेचा रस संपला, आणि शस्त्रे, छावण्या व लढण्याखेरीज दुसरे काही न शिकलेली एक पिढी तिथेच मागे राहिली. अल-कायदा त्याआधीच, १९८८ मध्ये, उभी राहिली होती.

तेव्हा माझा पहिला मुद्दा असा, की अतिरेकाला धर्म शब्द पुरवतो आणि अन्याय संताप पुरवतो, पण त्याला पैसा, शस्त्र आणि जागा पुरवणारे बहुतेक वेळा कुठले तरी सरकार किंवा सत्तेवर डोळा असलेला पक्ष असतो. हे सारे त्यांना हवे तेवढेच वापरायचे असते. नंतर ते आवरत नाही.

विजापूर वेस

सर, मांडणी पटली, परंतु आपण गरिबी फार पटकन बाजूला सारलीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जिवंत सापडलेला कसाब हा पाकिस्तानातल्या ओकाडा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, चौथीपर्यंत शिकलेला, घर सोडून मजुरी करणारा मुलगा होता. अशा मुलाला कोणी जेवण, कपडे, हातात बंदूक आणि घरच्यांना पैसे देण्याचे वचन दिले, तर तो काय करणार? आपल्याकडे अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखान्यांत बारा-बारा तास यंत्रमागावर उभे राहून आठवड्याच्या पगारात घर न भागवू शकणारी वीस-बावीस वर्षांची मुले रोज दिसतात. रात्री ती चौकात नुसती बसलेली असतात. कोणत्याही झेंड्याखाली ती उभी राहतील, अशी मला खरोखर भीती वाटते.

आकडेमोड (पुणे, मूळ सोलापूर)

कसाब हे एक उदाहरण झाले, पण उदाहरणे दुसऱ्या बाजूलाही पुष्कळ आहेत आणि ती जास्त अडचणीची आहेत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातला मोहम्मद अत्ता हा कैरोत वास्तुशास्त्र आणि हॅम्बुर्गमध्ये नगररचना शिकलेला होता. अल-कायदाचा नेता अयमान अल-जवाहिरी हा कैरोच्या प्रतिष्ठित घराण्यातला शल्यचिकित्सक. १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालणारा ज्यू अतिरेकी बारूख गोल्डस्टीन हा डॉक्टरच होता. २०१९ च्या ईस्टरला कोलंबोत स्वतःला उडवून देणाऱ्यांत मसाल्याच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याचे दोन मुलगे होते. टोकियोच्या भुयारी रेल्वेत १९९५ साली सरीन वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथात तर रसायनशास्त्रज्ञ आणि हृदयरोगाचे डॉक्टर होते.

ॲलन क्रुगर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने लेबनॉनमधील हिजबुल्लाच्या मारल्या गेलेल्या लढवय्यांची तुलना तिथल्या त्याच वयाच्या सामान्य लोकांशी केली, तेव्हा लढवय्ये सरासरीने कमी गरीब आणि जास्त शिकलेले निघाले. गाम्बेटा आणि हेर्टोग या दोन अभ्यासकांना हिंसक इस्लामी गटांत अभियंत्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने कितीतरी अधिक आढळले. मी स्वतः अभियंता असल्यामुळे हे वाचून गंमतही वाटली आणि थोडे अस्वस्थही झालो. त्यांनी दिलेले एक कारण विचार करण्यासारखे आहे: पदवीने मोठी स्वप्ने दाखवली, पण देशाच्या अर्थव्यवस्थेत त्या पदवीला जागाच नव्हती. पोटाची भूक आणि हिरावल्या गेलेल्या मानाची भूक या दोन वेगळ्या भुका आहेत, आणि या वाटेवर बहुधा दुसरी भूक घेऊन जाते.

स्पष्टवक्ता

आपण सगळे फार सभ्यपणे मूळ मुद्दा टाळत आहात. ज्या ग्रंथांत परधर्मीयांविरुद्ध लढण्याची वचने आहेत, त्यांचे अनुयायी लढणारच. अर्थव्यवस्था आणि पदव्या हे सारे नंतरचे.

आकडेमोड (पुणे, मूळ सोलापूर)

मग बुद्धाच्या अनुयायांचे काय? म्यानमारमध्ये अशिन विराथू या भिक्खूने ९६९ चळवळीतून मुसलमानांविरुद्ध विष पेरले, आणि २०१७ मध्ये लष्करी कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान देश सोडून पळाले. कोणते बौद्ध वचन त्यांनी पाळले? उलट, आत्मघाती हल्ल्यांचे तंत्र पद्धतशीर वापरणाऱ्यांत श्रीलंकेतील तमिळ वाघ आघाडीवर होते आणि त्यांचे ध्येय धार्मिक नव्हतेच. २१ मे १९९१ ला राजीव गांधींचा बळी त्याच तंत्राने घेतला. वचने निवडून काढणारा माणूस आधी असतो, वचन नंतर सापडते.

गिरणगावकर (सोलापूर)

स्पष्टवक्ता यांचे म्हणणे मी एका मर्यादेपर्यंत मान्य करतो. ग्रंथात काहीच नसते तर निवडणाऱ्यालाही ते सापडले नसते, आणि आपल्या परंपरेतल्या अशा वचनांकडे प्रत्येक धर्माच्या विद्वानांनी सरळ पाहायला हवे. परंतु तेवढ्याने "आत्ताच का" आणि "इथेच का" या दोन प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत.

"इथेच का" या प्रश्नावर राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांचा अभ्यास मला सर्वांत उपयोगी वाटला. १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद त्यांनी तपासली, तेव्हा जवळपास निम्मे मृत्यू फक्त आठ शहरांत झाल्याचे दिसले. मग त्यांनी सारखी लोकसंख्या असलेल्या शहरांच्या जोड्या लावल्या: अलीगढ पेटते, कालिकत पेटत नाही, हैदराबाद पेटते, लखनौ पेटत नाही. फरक शेजारधर्माचा निघाला नाही. शेजारी सगळीकडे एकमेकांना ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ देतातच, पण रात्र वैऱ्याची आली की तेवढ्याने निभावत नाही. फरक निघाला तो दोन्ही समाजांची माणसे एकाच संस्थेत आहेत की नाहीत याचा: व्यापारी मंडळ, कामगार संघटना, ग्रंथालय, क्रीडामंडळ, पक्षाची शाखा. अफवा आली की अशा संस्थेतला माणूस दुसऱ्या बाजूच्या माणसाला विचारू शकतो, आणि ज्यांचा धंदा किंवा लढा एकत्र आहे त्यांना शांतता टिकवण्यात स्वतःचा लाभ असतो.

आता आपल्या शहराकडे पाहा. जुनी मिल १८७७ साली सुरू झाली, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आल्या. माझे वडील गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. तिथे तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारे कामगार एकाच पाळीत असत आणि भोंगा सगळ्यांसाठी एकच वाजे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर असे उसळले की इंग्रजांना इथे लष्करी कायदा पुकारावा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन हे चौघे एकत्र फासावर गेले. चार पुतळ्यांजवळून आपण रोज जातो. ही नावे एकत्र कशी आली, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा रोजगार गेला हे सर्वांना दिसले. एकत्र बसण्याची, भांडण्याची आणि संप करण्याची जागा गेली, हे फारसे कोणाला दिसले नाही. ती जागा मोकळी राहिली नाही. प्रत्येक पेठेत आपापल्या समाजाची मंडळे उभी राहिली, आणि तरुण मुलांचे मित्र त्यांच्याच गल्लीतले, त्यांच्याच धर्माचे राहिले.

मित्रांचा मुद्दा मी मुद्दाम लिहितो आहे. मार्क सेजमन या मनोविकारतज्ज्ञाने जागतिक जिहादी जाळ्यातल्या अनेकांची चरित्रे तपासली, तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत मैत्री किंवा नाते आधी होते आणि कट्टर विचार नंतर आला असे दिसले. अत्ताचा हॅम्बुर्गचा गट एका घरात राहणाऱ्या, एकत्र जेवणाऱ्या मुलांचा होता. कोणी त्यांना पकडून नेले नाही. ते एकमेकांना ओढत गेले.

नई जिंदगीकर

मी या धाग्यावर लिहू की नको असा दोन दिवस विचार करत होतो. मी मुसलमान आहे आणि सोलापुरातच वाढलो. कुठेही स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी कार्यालयात सहकारी मला काही बोलत नाहीत, पण माझ्याकडे पाहून बोलणे थांबवतात. या थांबण्याची सवय होते, असे मी म्हणणार नाही.

माझा मुद्दा न्यायाचा आहे. ८ सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांत नऊ मुसलमान तरुण पकडले गेले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांत शिक्षा झालेल्या १२ जणांना उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष ठरवले. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सुटले. दोन्ही निकालांवर लोकांनी आपापल्या धर्मानुसार आनंद आणि संताप वाटून घेतले. मला मात्र एकच दिसते, की इतकी माणसे मेली आणि कोणी मारली हे सतरा-एकोणीस वर्षांनीही सिद्ध झालेले नाही. या रिकाम्या जागेत प्रत्येक समाजाची स्वतःची कहाणी वाढते. आमच्यातल्या मुलाला सांगितले जाते की तू निर्दोष असलास तरी तुला पकडतील. तुमच्यातल्या मुलाला सांगितले जाते की खरे गुन्हेगार नेहमी सुटतात. दोघांनाही मग कायद्याबाहेरचा माणूस जवळचा वाटतो.

स्पष्टवक्ता

हे मान्य. शिवाय डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनातही तसेच झाले. २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, मे २०२४ मध्ये गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली आणि कटाचा सूत्रधार म्हणून आरोप असलेल्यासह तिघे सुटले. हात सापडले, डोके सापडले नाही.

टॉवेलवाला

मोबाइलविषयी कोणीच लिहिलेले नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही मुलांनी ठेवलेल्या स्टेटसवरून शहर बंद झाले, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले. कोल्हापुरासारख्या शहरात हे होते तर कुठेही होईल. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये १५ मार्च २०१९ ला दोन मशिदींत ५१ जणांना मारणाऱ्याने तो हत्याकांडाचा प्रकार फेसबुकवर थेट दाखवला होता.

आकडेमोड (पुणे, मूळ सोलापूर)

मोबाइल हे कारण नाही, पण त्याने वेळ संपवला आहे. पूर्वी अफवा पायी यायची आणि वाटेत तिला अडवणारे दोन जण भेटायचे. तरीही सगळा दोष यंत्राला देऊ नये असे वाटते: पंजाबात १९८० च्या दशकात मोबाइल नव्हता. भिंद्रनवाले यांची भाषणे ध्वनिफितींतून गावोगाव पोहोचत होती, आणि अकाली दलाला शह म्हणून त्यांना आरंभी राजकीय बळ मिळाले असे अनेक अभ्यासकांनी लिहिले आहे. जून १९८४ ची सुवर्णमंदिरातील कारवाई, इंदिराजींची हत्या, दिल्लीतले शिखांचे शिरकाण आणि २३ जून १९८५ ला बॉम्बस्फोटाने ३२९ जणांसह समुद्रात कोसळलेले कनिष्क विमान हे सर्व सुमारे वर्षभरात घडले. म्हणजे गिरणगावकर सरांचा पहिला मुद्दा आपल्या घरातही लागू पडतो.

इराकचेही तसेच. मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका आदेशाने इराकी सैन्य विसर्जित केले आणि शस्त्र चालवता येणारे लाखो पुरुष एका सहीसरशी बेकार व अपमानित झाले. पुढे आयसिसच्या लष्करी रचनेत सद्दामचे जुने अधिकारी दिसले, त्यांतले काहीजण अमेरिकी तुरुंगछावणीत, पुढे आयसिसचा प्रमुख झालेल्या बगदादीसारख्यांच्या सहवासात आले होते.

विजापूर वेस

गिरणगावकर सर, एक शंका मनापासून विचारतो. गिरणीने माणसे जोडली असे आपण म्हणता, परंतु मुंबईच्या गिरण्या पूर्ण भरात असताना, १९२८ च्या मोठ्या संपानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९२९ मध्ये तिथे हिंदू-मुस्लिम दंगल झालीच ना?

गिरणगावकर (सोलापूर)

शंका योग्य आहे आणि माझ्या मांडणीतले भोक तिने नेमके दाखवले आहे. त्या दंगलीआधी मुंबईतल्या तेल कंपन्यांच्या संपात मालकांनी संप फोडण्यासाठी पठाणांना कामावर आणले होते, आणि त्यातच पठाण लहान मुले पळवतात अशी अफवा उठली. म्हणजे एका छपराखाली असणे पुरत नाही. एकाच संपात, एकाच बाजूला असावे लागते. एक संपावर आणि दुसरा त्याच्या जागी, अशी रचना झाली की तेच छप्पर वैर वाढवते. वडिलांच्या आठवणींमुळे मी गिरणीचे चित्र थोडे उजळ रंगवले असणार, हेही कबूल करतो.

कुंभारीची लेक

मी कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत राहते. माझी आई आणि आजी दोघींनी विड्या वळल्या. आपण सर्वांनी पुरुषांविषयीच लिहिले आहे, म्हणून एक आठवण सांगते, ती धाग्याशी जुळते की नाही ते आपण ठरवा.

२००२ च्या त्या दिवसांत आम्ही शहरातच भाड्याने राहत होतो. संचारबंदी काही तासांसाठी शिथिल झाली तेव्हा आई तयार विड्या घेऊन कारखान्याच्या शाखेवर गेली, कारण माल दिला नाही तर पान-तंबाखू मिळत नसे आणि मजुरीही बुडत असे. रांगेत तेलुगू बाया होत्या, उर्दू बोलणाऱ्या होत्या, आमच्यासारख्या मराठीही होत्या. आई सांगते की पहिला अर्धा तास कोणी कोणाशी एक शब्द बोलले नाही. सगळ्या पदर ओढून खाली बघत उभ्या होत्या. मग तपासणाऱ्याने त्या दिवशी नेहमीपेक्षा फार जास्त छाट काढली, मूठ-मूठ विड्या बाजूला टाकल्या. पुढची एक मुस्लिम बाई त्याच्यावर तेलुगूत ओरडली, मागून दोघी-तिघींनी साथ दिली आणि मग सगळी रांगच खिडकीवर गेली. छाट काही कमी झाली नाही. परतताना मात्र आई आणि ती बाई विजापूर वेशीपर्यंत बरोबर आल्या, आणि तिथे पोलिसांनी दोघींना वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी जायला सांगितले.